छापमास्तर

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. माणिकराव सरांबद्दल चांगलं बोलण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे, ते आधी सांगून टाकते. त्यांचं अक्षर सुंदर होतं, ते दारू पीत नसत आणि वर्गात मुलांवर हात उचलत नसत. आता बाकीचं.

म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्या सुमारास गणिताची शिक्षिका म्हणून मी हळ्ळीखेडला बदलून आले. माणिकराव तिथल्या आमच्या शाळेत चित्रकला शिकवत. पोरं त्यांच्यामागे त्यांना छापमास्तर म्हणत. हैदराबादला कधीतरी महिनाभराचं एक शिबिर करून ते आले होते, आणि तिथून त्यांनी 'आत्माविष्कार' हा शब्द आणला होता. गावात दुसऱ्या कुणाकडे तो शब्द नव्हता, त्यामुळे तो त्यांना फार वर्षं पुरला. रोज संध्याकाळी ते एका जाड चित्रवहीत एक पान करत. त्या दिवशी मनात जे आलं ते पानावर उतरवायचं, असा नेम. थोडं चित्र, थोडं लिखाण आणि बाकी सगळे ठसे. ठसे ते स्वतः कोरत. रबरी चपलेचा तळ कापायचा, छत्रीची काडी घासून केलेल्या कोरणीनं त्यात आकार काढायचा, आणि तो तुकडा लाकडी ठोकळ्यावर चिकटवायचा. नीळ, हळद, काजळी, बिदरकडची लाल माती डिंकात कालवून शाई करायची. डोळा, कावळा, पाऊल, आसवाचा थेंब, आणि स्वतःचा चेहरा एका बाजूनं बघितलेला. चेहऱ्याचा ठसा सगळ्यांत मोठा होता.

हात वाईट नव्हता. हात वाईट असता तर मी हसून सोडून दिलं असतं.

गावात मला घर मिळेना. नाव-गाव विचारून झालं की लोक पुढचं विचारत. आम्ही बौद्ध, हे कळलं की रिकामी खोली त्याच दिवशी कुणातरी पाव्हण्याला लागायची. माणिकरावांच्या घराची मागची खोली मात्र मला उभ्या उभ्या मिळाली. शहाबादी फरशीची, उन्हाळ्यात गार, मागं न्हाणी. संध्याकाळी सर वही घेऊन माझ्या दारात आले.

"बाई, बघा. आजचं पान."

वर मोठ्या अक्षरात 'समता' लिहिलं होतं. खाली एकमेकांत गुंतलेल्या दोन हातांचे ठसे होते. वरचा हात हळदीचा, खालचा काजळीचा.

"खालचा हात माझा का?" मी विचारलं.

"व्हय."

"काळा कामून?"

"ते प्रतीक हाय, बाई. तसं शब्दशः घ्यायचं नसतं."

माझा हात त्यांच्या हातापेक्षा उजळ होता. तो मी वहीवर, त्यांच्या हाताशेजारी ठेवला. त्यांनी बघितला आणि पान उलटून आदल्या दिवशीचं दाखवायला लागले. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत ते पान सगळीकडे फिरलं. हेडमास्तर म्हणाले, मोठं मन लागतं. खोली देण्याचं ठरवलं होतं त्यांच्या बायकोनं, गोदाक्कांनी, हे मला महिन्याभरानं कळलं. मी विचारायला आले तेव्हा सर कट्ट्यावर वही घेऊन बसले होते, त्यांना काही विचारायची सोय नव्हती. मग त्या बाईनं एकटीनं ठरवलं. "बाईमाणूस उन्हात हुबं हाय, कवर हुबं करायचं," एवढंच त्यांचं कारण होतं.

ती कट्ट्यावरची वेळ हा त्या घरातला कायदा होता. शाळा सुटली की सर धुतलेला सदरा घालून बाहेर बसत, मांडीवर वही, शेजारी ठशांची पेटी. कुणी जवळ आलं की डावा हात वर करत. "थांब. आतून यायलंय." गोदाक्का रॉकेलचं विचारायला आल्या तरी हात वर. रत्ना, त्यांची एकुलती एक मुलगी, तापानं फणफणलेली असताना शेजारची बाई सांगायला आली, तेव्हाही हात वर. आतून काय यायचं हे मी पुढं पुष्कळ वर्षं बघितलं. दर वेळी आतून माणिकरावच यायचे.

वर्गात पोरांना सांगत, "मनातलं काढा. मोकळं काढा." एकदा सातवीतल्या एका पोरानं म्हैस काढली. पोटाला शेण लागलेली, एक शिंग खाली वळलेली, अगदी त्याच्या घरचीच असणार. सरांनी कागद उचलून सगळ्यांना दाखवला.

"हे मन न्हाई. ही म्हैस हाय."

पोरगं म्हणालं, "सर, माझ्या मनात तीच हाय."

सर हसले. त्या हसण्याची मला चीड होती. तासभर त्यांनी त्या पोराला दुःख कसं दाखवायचं ते शिकवलं. मग चाळीस पोरांच्या चाळीस कागदांवर त्यांचे आसवांचे थेंब पडले, सगळे एका मापाचे.

गोदाक्कांचा भाऊ शंकरमामा आळंद तालुक्यात कडगंचीला शेती करत असे. साधा, कमी बोलणारा माणूस. एका उन्हाळ्यात बहिणीला आंबे घेऊन आला होता. नवी कोरी रबरी चपला दारात काढल्या, जेवला, आडवा झाला. उठून बघतो तर एका चपलेच्या टाचेला चौकोनी भोक. सर पेटीशी बसून तो तुकडा कोरत होते.

"दाजी, हे काय केलात?"

"असलं रबर मिळत न्हाई, शंकर. मऊ हाय, कड तुटत न्हाई. बघ, पाखरू कसं आलंय."

शंकरमामानं पाखरू बघितलं. "दाजी, मला स्टँडपर्यंत चालत जायचंय. डांबर तापलंय."

"मग दुसरी हाय की."

मामा एक चप्पल घालून आणि एका पायाला धडपा बांधून गेला. गोदाक्का दारात उभ्या राहून तो वळणापर्यंत जाईतो बघत होत्या. सरांनी त्या दिवशीच्या पानावर पाखरू पाच ठिकाणी उठवलं आणि खाली 'मुक्ती' असं लिहिलं.

हे हसण्यावारी गेलं असतं. पुढचं जात नाही.

सरांचे वडील चिंताकीला धाकट्या मुलाकडे राहत. एका सकाळी तिथून माणूस आला. आप्पा पहाटे गेले, मातीला चला. गोदाक्कांनी पिशवी भरली, रत्नाला तयार केलं. बिदरची गाडी चौकात उभीच होती. सर आत गेले ते वही घेऊन बाहेर आले आणि कट्ट्यावर बसले.

"अवो, गाडी हाय," गोदाक्का म्हणाल्या.

"जरा थांब. आत्ताच यायलंय ते. मग राहत न्हाई."

मी माझ्या दारातून बघत होते. कंडक्टर ओळखीचा होता, त्यानं थोडा वेळ गाडी थांबवलीसुद्धा. मग गेली. पुढची दुपारी. ही तिघं चिंताकीला पोचली तेव्हा सगळं आटपलं होतं. वैशाखाचे दिवस, कितीक वेळ ठेवणार. धाकट्यानं अग्नी दिला. थोरला मुलगा आला नाही म्हणून सरांची म्हातारी आई दिवसभर वाटेकडे डोळे लावून बसली होती, असं गोदाक्कांनी मला परत आल्यावर सांगितलं.

"तुम्ही तरी पुढं जायचं होतं," मी म्हटलं.

"नवऱ्याला सोडून गाडीत बसायचं सुचलं न्हाई मला तवा." मग पिशवीतले कपडे बाहेर काढत म्हणाल्या, "आता सुचंल."

सरांनी त्या प्रसंगावर दोन पानं केली. पहिलं बाप गेल्याचं, दुसरं बापाचं तोंड बघायला मिळालं नाही त्याचं. दुसरं पान पहिल्यापेक्षा जास्त उतरलंय, असं त्यांनी मला स्वतः सांगितलं.

रत्ना मॅट्रिक झाली. बापाचं नाक, आईचं गप्प राहणं. भालकीचं एक स्थळ आलं होतं, मुलगा तिला आवडला होता. त्यांच्याकडून नकार आला. पोरगी दोन दिवस जेवली नाही, न्हाणीत जाऊन रडायची, बाहेर आली की तोंड धुतलेलं. आईनं आणि मी कळूनसुद्धा न कळल्यासारखं केलं. तेवढाच मान आपण देऊ शकतो एखाद्याला.

पुढल्या वर्षी शंकरमामानं आळंदकडचं स्थळ आणलं. चपलेची गोष्ट त्यानं मनात ठेवली नव्हती. मुलगा सोसायटीत नोकरीला, आई-बाप समंजस. ते बघायला आले त्या दिवशी मी गोदाक्कांच्या हाताखाली होते. शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या, भजी होती, आमटीचा वास गल्लीत गेला होता. बोलणी चांगली चालली होती. मुलाच्या आईनं रत्नाला जवळ बसवून घेतलं, केसावरून हात फिरवला, काय काय करता येतं ते न विचारता काय आवडतं ते विचारलं. मुलगा खाली बघून हसत होता. शंकरमामानं स्वयंपाकघराकडे बघून बहिणीला मान हलवून खूण केली, जमतंय म्हणून.

तेव्हा सर उठले आणि वही घेऊन आले.

गोदाक्का दारातून म्हणाल्या, "पानं वाढलीत. आधी जेवून घ्या सगळे."

सरांनी डावा हात वर केला.

पाव्हण्यांनी आधी कौतुकानं बघितलं. मुलाचे वडील प्रत्येक पानाला "छान, छान" म्हणत होते. सर एकेक पान उलटत समजावत होते. एका पानावर मुलाच्या आईचं बोट थांबलं. ती शिकलेली बाई होती. पान निळ्या डोळ्यांच्या ठशांनी भरलं होतं, आणि मधे त्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: माझी रत्ना भालकीच्या मुलासाठी रडली.

"हे कवाचं?" तिनं विचारलं.

"गेल्या दिवाळीच्या अलीकडचं," सर म्हणाले. "बघा, ठसा एकच हाय, पण प्रत्येक डोळा निराळा उठलाय. दाब कमी-जास्त केला की असं हुतं. ह्या कोपऱ्यातला बघा, ओला वाटायलाय की न्हाई?"

तिनं वही मिटली आणि बाजूला ठेवली, हळूच, त्यात कुणी झोपलंय अशा बेतानं. नवऱ्याकडे बघितलं. ते म्हणाले, घरी जाऊन कळवतो. जेवायला थांबले नाहीत. शंकरमामा त्यांना स्टँडवर सोडायला गेला आणि तिथूनच कडगंचीला निघून गेला.

रत्ना तिथंच बसून होती. सगळ्यांनी तिला सोडून इकडे-तिकडे बघितलं. गोदाक्कांनी वाढलेली पानं उचलली, पोळ्या टोपलीत भरल्या आणि गल्लीतल्या घरोघर वाटून आल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांनी मला हाक मारली. नवं पान होतं. नवा ठसा कोरला होता, फुटलेल्या बांगडीचा. लाल मातीच्या शाईत.

मी म्हटलं, "सर, हे त्या पोरीचं आयुष्य आहे."

"म्हणून तर जमलंय, बाई," ते म्हणाले.

रत्ना आतून बाहेर आली. भाकरी करताकरता उठली होती, हाताला पीठ होतं.

"अप्पा, त्या वहीत माझं नाव पुन्हा लिहायचं न्हाई. माझे डोळे न्हाई, बांगडी न्हाई, काय न्हाई."

"कलावंताला असं सांगता येत न्हाई, पोरी."

"मी कलावंताला सांगत न्हाई. बापाला सांगायलेय."

सरांचा चेहरा बदलला. मला क्षणभर वाटलं, लागलं कुठंतरी. मग ते म्हणाले, "हे वाक्य चांगलं हाय," आणि त्यांनी टाक उचलला.

रत्ना त्यांच्याकडे बघत राहिली. ती नजर मी त्याआधी एकदाच बघितली होती, चुलीत पडलेल्या भाकरीकडे बघताना गोदाक्कांची. वाया गेलं, एवढंच त्यात होतं. ती आत गेली आणि भाकरी थापायला लागली.

त्या पावसाळ्यात मी तिला गुलबर्ग्याला नर्सिंगच्या शिक्षणासाठी घेऊन गेले. गोदाक्कांनी स्वतः पाठवलं. सर कट्ट्यावरून उठायच्या आधीच आम्ही गाडीत बसलो होतो. पोरगी हुशार निघाली, तिथल्याच सरकारी दवाखान्यात लागली. क्वार्टर मिळालं तेव्हा गोदाक्का घर लावून द्यायला म्हणून चार दिवसांसाठी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. मी एकदा तिकडं गेले तेव्हा विचारलं, करमतं का. म्हणाल्या, "करमायला काय झालं. मी बोलायले तर समोरचं माणूस ऐकतंय."

इकडे सरांनी विझलेल्या चुलीचं पान केलं. राखेचा रंग खरोखरीच्या राखेनं भरला होता. मला दाखवायला आणलं.

"सर, चूल पेटवता येते का तुम्हाला?" मी विचारलं.

ते वही घेऊन परत गेले. मग रोज चौकातल्या खानावळीत जेवत. तिथल्या मालकालाही पानं दाखवत. तो चांगला माणूस होता, वाढतावाढता बघायचा.

रत्नानं पुढं दवाखान्यातल्याच एका कंपाउंडरशी लग्न ठरवलं. बापाला निरोप दिला: या, पण वही घरी ठेवून या. सरांनी विचार केला आणि गेले नाहीत. मी गेले होते. शंकरमामानं भाचीला उभं राहून आशीर्वाद दिले. गोदाक्कांनी पहिल्यांदाच भडक हिरवं लुगडं नेसलेलं मी बघितलं. बापाची जागा रिकामी होती, पण ती जागा कुणी राखून ठेवली नव्हती, त्यामुळे तिथं दुसरीच माणसं बसली.

माझी पुढं भालकीला बदली झाली. सर निवृत्त झाले. त्यानंतर काही वर्षांनी कळलं की त्यांना लकवा मारला, उजवं अंग गेलं, आणि गल्लीतल्या लोकांनी त्यांना गुलबर्ग्याला नेऊन सोडलं. रत्नाच्याच दवाखान्यात. मी बघायला गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. इतकी वर्षं ज्या माणसाचा राग धरला, त्याला खाटेवर बघितल्याशिवाय तो राग सोडावा की ठेवावा हे ठरत नसावं.

रत्ना त्या वॉर्डची सिस्टर होती. मला बघून हसली, "बाई, बसा, मी आलेच," म्हणाली. गोदाक्का रोज डबा पाठवत. मऊ भात, वरण, मीठ बेताचं. स्वतः येत नसत.

सरांचं तोंड एका बाजूला ओढलं होतं. बोलणं जड, पण कळत होतं.

"बाई, रत्ना बघा," ते म्हणाले. "माझ्याकडं बघतच न्हाई. येती, तोंड पुसती, गोळी देती, जाती. शेजारच्या म्हाताऱ्याला करती तसंच. काय फरक न्हाई."

मला वाटलं, आता रडतील. मी पिशवीतला रुमालही काढला. पण त्यांचे डोळे कोरडे होते आणि लख्ख होते, संध्याकाळी कट्ट्यावर बसल्यावर व्हायचे तसे.

"किती चांगलं पान हुईल," ते म्हणाले.

त्यांच्या डाव्या हाताचं बोट चादरीवर फिरायला लागलं होतं. कपाळ, मग नाक, मग टोपीची कड. शाई नव्हती, काही नव्हतं. नुसती घडी पडत होती कापडावर. रेघ मात्र बरोबर होती. रत्ना ओळखू येत होती.

तेवढ्यात ती आली. बापाचा हात उचलून नाडी बघितली, हात नीट कडेला ठेवला, दोन्ही बाजूंनी चादर ओढून ताठ केली. मग पायथ्याचा कागद वाचून पुढच्या खाटेकडे गेली.